७५ मायक्रॉनचा आकडा दर वेळी वेगळा येतो, तेव्हा

मुरूम एकाच खाणीचा, पोतंही तेच. पहिल्या चाचणीत ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून खाली गेलेला भाग ४ टक्के, दुसऱ्या चाचणीत ९, आणि ठेकेदाराने बाहेरच्या लॅबमधून करून आणलेल्या रिपोर्टात १२ च्याही वर. मग कोणाचा रिपोर्ट धरायचा यावरून साईटवर वाद, आणि लॅबमध्ये फोनवर फोन. माती चाचणीच्या कामात ही तक्रार इतक्या वेळा येते की बऱ्याच ठिकाणी तिच्यावर एक ठरलेला उतारा झाला आहे: परत दोनदा चाळा, आणि सगळ्या आकड्यांची सरासरी द्या.

तेवढं मात्र करू नका. चाळणीच्या चाचणीत आकडा हलतो तो सहसा एखाद्या ठरावीक चुकीमुळे, आणि अशा प्रत्येक चुकीला दिशा असते. काही चुका बारीक कणांचं प्रमाण कमी दाखवतात, काही जास्त. सरासरी काढली की दोन्ही चुका तशाच राहतात आणि कुठे शोधायचं याचा मागही पुसला जातो. म्हणून आधी एवढंच ठरवा की आकडा अपेक्षेपेक्षा खाली आला आहे की वर. तिथून अर्धं काम होतं.

हा एक आकडा एवढा महत्त्वाचा का, ते थोडक्यात. आयएस १४९८ या १९७० च्या भारतीय मानकात मातीचं वर्गीकरण ७५ मायक्रॉनच्या चाळणीभोवतीच उभं आहे. निम्म्याहून जास्त माती या चाळणीवर राहिली तर ती भरड, निम्म्याहून जास्त खाली गेली तर बारीक. भरड मातीत बारीक भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर तिचं नाव जीडब्ल्यू किंवा जीपी, एसडब्ल्यू किंवा एसपी. १२ टक्क्यांच्या वर असेल तर जीएम, जीसी, एसएम, एससी. मधल्या पट्ट्यात दुहेरी नाव. (पहिलं अक्षर जी म्हणजे खडी, एस म्हणजे वाळू; दुसरं डब्ल्यू म्हणजे लहानमोठे सगळे कण नीट असलेली, पी म्हणजे तशी नसलेली, एम म्हणजे गाळाची, सी म्हणजे चिकणमातीची.) म्हणजे वरच्या उदाहरणातले ४, ९ आणि १२ च्या वरचा हे तीन आकडे तीन वेगळ्या मातींची नावं सांगतात. पहिल्या मातीतून पाणी सहज निघून जाईल असं धरून निचऱ्याचा थर ठरेल, तिसऱ्या मातीवर तसा भरवसा ठेवता येणार नाही. रस्त्याचा खालचा थर असो की मातीच्या धरणाचा गाळणथर, निर्णय या आकड्यावर फिरतो.

आकडा खाली आला असेल तर

कोरडं चाळलं आहे का, हा पहिला प्रश्न. दहापैकी बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं, असं माझं मत आहे.

आपल्याकडचा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. त्याच्या प्रत्येक खड्यावर आणि वाळूच्या कणावर चिकणमातीचा पातळ लेप असतो. माती वाळली की तो लेप घट्ट बसतो, शिवाय सुट्या चिकणमातीच्या बारीक गोळ्या होतात. या गोळ्या दिसायला वाळूसारख्या, हाताला वाळूसारख्या, आणि चाळणीलाही वाळूसारख्याच. शेकर, म्हणजे चाळण्या हलवणारं यंत्र, दहा मिनिटं चालवा की वीस, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीवर बसलेली मातीची गोळी तिथेच बसून राहते आणि वाळू म्हणून वजनात धरली जाते. तळाच्या पॅनमध्ये जे पडतं ती निव्वळ सुटी धूळ असते. तिलाच बारीक कणांचं प्रमाण म्हणून रिपोर्टात टाकलं की आकडा निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

खात्री करायला यंत्र लागत नाही. कोरड्या चाळणीनंतर ४२५ च्या चाळणीवर राहिलेले चिमूटभर कण तळहातावर घ्या, दोन थेंब पाणी टाका आणि अंगठ्याने हलकेच फिरवा. पाणी स्वच्छ राहिलं आणि कण खरखरीत लागले तर ती वाळू. पाणी लगेच चहासारखं गढूळ झालं, बोटाला बुळबुळीत लागलं आणि काही कण चक्क विरघळून गेले, तर ती चाचणी तिथेच बाद. भिंग असेल तर त्याखाली बघा: खऱ्या कणाची कड धारदार किंवा चकचकीत दिसते, लेपाचा कण मळकट आणि गुळगुळीत.

आयएस २७२० च्या चौथ्या भागात, म्हणजे १९८५ च्या आवृत्तीत, यासाठीच ओली चाळणी, म्हणजे माती पाण्याने धुऊन चाळायची पद्धत, दिली आहे. कोरडी चाळणी फक्त ज्या मातीत चिकणमाती जवळजवळ नाही तिच्यासाठी. नदीची धुतलेली वाळू कोरडी चाळा, हरकत नाही. मुरूम, गाळमिश्रित वाळू, काळ्या मातीचा अंश असलेलं काहीही, हे धुतल्याशिवाय चाळू नका.

धुतलं आहे आणि तरीही आकडा कमी येतो, अशीही तक्रार असते. तिथे भिजवण तपासा. ४.७५ मिमीच्या चाळणीखालची माती पाण्यात भिजवताना दर लिटरला २ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाकायचं असतं. ते नसेल तर १ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. याचं काम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करणं. ते टाकलं नाही, किंवा कपाटात कित्येक महिने पडलेलं जुनं द्रावण वापरलं, तर गोळ्या पूर्ण फुटत नाहीत. हे द्रावण साठवणीत हळूहळू निकामी होतं, म्हणून महिन्याच्या वर ठेवू नये. बाटलीवर तयार केल्याची तारीख नसेल तर ओतून द्या आणि नवं करा.

पाण्याचाही वाटा असतो. बोअरचं जड पाणी वापरलं की त्यातला कॅल्शियम आधी त्या रसायनाला गुंतवतो, आणि उरलेला चिकणमातीच्या कणांना पुन्हा एकमेकांना चिकटवतो. भिजवायला डिस्टिल्ड पाणी घ्या. नंतर धुवायला नळाचं चालतं. संशय असेल तर भिजवलेल्या मातीचं थोडं पाणी काचेच्या उभ्या भांड्यात घेऊन हलवा आणि ठेवून द्या. माती नीट सुटी झाली असेल तर पाणी तासन् तास गढूळ राहतं. चार-पाच मिनिटांत वर नितळ पाणी, खाली भुरभुरीत पुंजके आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसली, तर कण अजून एकत्र आहेत. अशी माती धुऊन उपयोग नाही. द्रावण बदला आणि रात्रभर भिजू द्या.

४.७५ वर राहिलेले मोठे खडेही विसरू नका. त्यांच्यावरचा लेप ब्रशने किंवा पाण्याने काढून तो खालच्या भागात मिळवायला हवा. मातीने माखलेला मुठीएवढा दगड तसाच वजन करून बाजूला ठेवला, तर त्यावरची माती दगड म्हणून मोजली जाते.

आकडा वर गेला असेल तर

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायची. ओल्या चाळणीत बारीक कण आपण तोलत नाही. ते पाण्याबरोबर गटारात गेलेले असतात. आपण धुण्याआधीचं कोरडं वजन घेतो, धुतल्यानंतर राहिलेल्या भागाचं कोरडं वजन घेतो, आणि फरक बारीक कणांच्या नावावर मांडतो. त्यामुळे या दोन वजनांच्या मध्ये काहीही कमी झालं, कोणत्याही कारणाने, तर ते सगळं बारीक कणांच्याच खात्यात जमा होतं. सांडलेली माती, ट्रेला चिकटलेली माती, फाटक्या चाळणीतून निसटलेली वाळू, आणि सगळ्यात जास्त वेळा, पाणी.

हो, पाणी. हवेत सुकवलेली माती कोरडी दिसते, पण तिच्यात ओलावा असतो. मुरमात तो दोन-तीन टक्के सहज निघतो, काळ्या मातीत त्याहून बराच जास्त. सुरुवातीचं वजन हवेत सुकवलेल्या मातीचं आणि शेवटचं ओव्हनमधून काढलेल्या मातीचं घेतलं, तर हा सगळा ओलावा बारीक कण म्हणून मोजला जातो. मानकात ४.७५ खालचा भाग १०५ ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये सुकवूनच पोटसॅम्पल, म्हणजे त्यातून विभागून काढलेला छोटा भाग, घ्यायला सांगितलं आहे. घाईत नेमकी हीच पायरी गळते.

आकड्यांनी बघू. हवेत सुकवलेलं पोटसॅम्पल २०० ग्रॅम घेतलं. धुऊन, सुकवून, चाळून ७५ मायक्रॉनच्या वर राहिलेली माती १७५.२ ग्रॅम. फरक २४.८ ग्रॅम, म्हणजे १२.४ टक्के. आता त्याच मातीचा ओलावा काढला तर ३ टक्के निघाला. याचा अर्थ २०० ग्रॅममध्ये खरी कोरडी माती १९४.२ ग्रॅमच होती. खरा फरक १९ ग्रॅम, आणि खरं प्रमाण ९.८ टक्के. एका कणालाही हात न लावता आकडा १२ च्या रेषेवरून खाली आला.

एवढ्यावर हे संपत नाही. ही माती म्हणजे संपूर्ण सॅम्पल नव्हे, फक्त ४.७५ खालचा भाग आहे. समजा मूळ सॅम्पलचा ६० टक्के भाग ४.७५ च्या वर राहिला आणि ४० टक्के खाली गेला. मग ९.८ ला ०.४० ने गुणायला हवं. संपूर्ण मातीतलं बारीक कणांचं प्रमाण ३.९ टक्के. रिपोर्टात १२.४ लिहून गेलं असतं तर ही माती जीएम किंवा जीसी ठरली असती. प्रत्यक्षात ती ५ च्या आत आहे आणि तिचं नाव जीडब्ल्यू की जीपी हे वक्रावरून, म्हणजे कोणत्या चाळणीतून किती टक्के माती खाली गेली याच्या आलेखावरून, ठरवायचं आहे.

गुणाकार विसरल्याची खूण आलेखावर लगेच दिसते. पूर्ण वक्र काढला असेल तर तो ४.७५ पर्यंत खाली उतरतो आणि २ मिमीच्या बिंदूवर एकदम वर उडी मारतो. हे अशक्य आहे, कारण बारीक चाळणीतून जाणारी माती भरड चाळणीतून गेलेल्या मातीपेक्षा कधीच जास्त असू शकत नाही. पण अनेक ठिकाणी वक्र न काढता फक्त ७५ मायक्रॉनचा आकडा फोनवर कळवला जातो, आणि तिथे ही चूक कोणाच्या नजरेस पडत नाही. आकडा फोनवर सांगायचाच असेल तर तो संपूर्ण सॅम्पलचा आहे की ४.७५ खालच्या भागाचा, तेवढं वाक्य जोडून सांगा.

आता निसटलेल्या वाळूचं बघू. ७५ मायक्रॉनच्या जाळीची तार साधारण ५० मायक्रॉन जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक असू शकते. बोटाने दाबून, कडक ब्रशने घासून किंवा ओल्या मातीचा सगळा लगदा एकदम ओतून ती जाळी सैल पडते, कडेला सुटते, एखाद्या ठिकाणी फाटते. टाचणीएवढं छिद्र पुरेसं आहे. दुसरी वाट चाळणीच्या काठावरून: जाळी बुजली, पाणी वर चढलं आणि काठावरून वाळूसकट सांडलं.

यासाठी धुतलेलं पाणी थेट गटारात सोडू नका, बादलीत धरा. पाणी सुमारे २० सेंटीमीटर खोल असू द्या, ढवळा आणि मिनिटभर थांबा. ७५ मायक्रॉनचा कण पाण्यात सेकंदाला साधारण ५ मिलिमीटर वेगाने खाली जातो, म्हणजे ४० सेकंदांत तो तळाशी पोहोचतो. मिनिटानंतर वरचं पाणी अलगद ओतून द्या आणि तळाला बोट फिरवा. नुसता मऊ गाळ लागला तर ठीक. खरखर लागली तर चाळणीतून किंवा काठावरून वाळू गेली आहे. ती चांगल्या चाळणीतून पुन्हा धुऊन वजनात मिळवा, आणि आधीची चाळणी उजेडासमोर धरून तपासा. फाटलेल्या जागी प्रकाशाचा ठळक ठिपका दिसतो.

धुताना ७५ च्या चाळणीवर ४२५ ची किंवा २ मिमीची चाळणी ठेवा, म्हणजे भरड वाळूचा मार जाळीवर बसत नाही. माती थोडी थोडी ओता, पाण्याची धार मंद ठेवा. खालून येणारं पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत धुवायचं. पहिल्या पाच मिनिटांत ते नितळ दिसायला लागतं आणि हात आवरता घ्यावासा वाटतो. तिथे न थांबता चाळणीवरची माती एकदा पाण्याने उलटीपालटी करून पुन्हा बघा. बहुधा परत गढूळ येतं.

चाळण्यात कण तुटत असतील तर

आकडा वर जाण्याचं एक कारण वेगळं आहे, कारण त्यात वजनाची चूक नसते. माती खरोखरच बारीक होत असते. मऊ मुरमाचा खडा हाताने चिरडता येतो. ढेकळं फोडायला लोखंडी खलबत्ता घेतला की ढेकळाबरोबर खडेही फुटतात, आणि मग आपण मूळ मातीऐवजी आपण केलेली पूड मोजतो. रबर लावलेला बत्ता वापरा आणि जोर ढेकूळ सुटण्यापुरताच लावा. ढेकूळ पाण्यात भिजून सुटत असेल तर बत्ता न वापरणं सगळ्यात चांगलं.

शेकरमध्येही हेच होतं. त्याची ओळख अशी: दहा मिनिटं चाळा, प्रत्येक चाळणीवरचं वजन घ्या, मग आणखी पाच मिनिटं चाळा आणि पुन्हा वजन घ्या. चाळणी पूर्ण झाली असेल तर दुसऱ्या फेरीत फारसा फरक पडत नाही. प्रत्येक फेरीत तळाच्या पॅनमधली धूळ तेवढीच वाढत राहिली तर कण झिजत आहेत. अशा मातीसाठी चाळण्याची वेळ ठरवून ती रिपोर्टात लिहा, आणि दोन लॅबचे आकडे ताडताना दोघांनी तेवढाच वेळ चाळलं आहे का ते आधी विचारा.

कोकणातली आणि गोव्यातली जांभ्याची माती दोन्हीकडून फसवते, म्हणून तिच्याकडे मी वेगळं लक्ष देतो. तिच्यात लोहाची संयुगं भरपूर. ओव्हनमध्ये सुकवली की ही संयुगं बारीक कणांना सिमेंटसारखं बांधतात आणि नंतर भिजवूनही ते सगळे सुटत नाहीत. आकडा खाली येतो. उलट ओलसर असतानाच कुटली तर मऊ खडे फुटून आकडा वर जातो. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातून आलेल्या एकाच सॅम्पलचे दोन लॅबचे आकडे जुळले नाहीत, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: धुण्याआधी ओव्हनमध्ये सुकवली होती का? या मातीसाठी चांगला मार्ग असा: शेजारच्या छोट्या भागावरून ओलावा काढायचा, मुख्य सॅम्पल ओव्हनमध्ये न घालता थेट भिजवायचं, आणि सुरुवातीचं कोरडं वजन त्या ओलाव्यावरून हिशेबाने काढायचं. वर २०० ग्रॅमच्या उदाहरणात केलेली दुरुस्ती हीच.

काळ्या मातीबद्दल थोडक्यात. तिचा निम्म्याहून बराच जास्त भाग ७५ च्या खाली जातो, तेव्हा चाळणीचं काम तिथेच संपतं आणि पुढचं हायड्रोमीटरने, म्हणजे गढूळ पाण्याची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीने, करायचं असतं. पण तिच्यातले चुनखडीचे खडे वेगळे मोजा. ते मातीचे गोळे समजून फोडू नका.

सॅम्पल निवडतानाच चुकलं असेल तर

वरचं सगळं बरोबर करूनही आकडे दोन्ही बाजूंना उड्या मारत असतील, एकदा कमी, एकदा जास्त, आणि दिशा लागत नसेल, तर चाळणीकडे बघणं सोडा. सॅम्पलकडे बघा.

खाणीपासून लॅबपर्यंत जीपच्या मागे हिंदकळत आलेल्या पोत्यात बारीक माती तळाशी जाते आणि खडे वर येतात. वरून फावडंभर काढलं तर खडी, तळातून काढलं तर माती. पोतं पूर्ण रिकामं करा, थोडं पाणी शिंपडून माती किंचित दमट करा म्हणजे धूळ उडून वेगळी होत नाही, ढीग करा आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन घ्या. रायफल बॉक्स, म्हणजे माती दोन सारख्या भागांत वाटणारी खाचांची पेटी, असेल तर आणखी चांगलं. हे पुरेसं लहान होईपर्यंत करा. हाताने मूठ-मूठ घालून वजन नेमकं २०० ग्रॅमवर आणू नका; विभागून जे १९१ किंवा २०७ ग्रॅम येईल ते घ्या. नेमक्या आकड्यासाठी टाकलेली शेवटची चिमूट सहसा बारीक मातीची असते.

मूळ सॅम्पल किती मोठं हवं, ते मातीतल्या सगळ्यात मोठ्या खड्यावर ठरतं. आयएस २७२० मध्ये त्याचा तक्ता आहे: मोठा खडा ७५ मिमीचा असेल तर ६० किलो, ४० मिमीचा असेल तर २५ किलो, १९ मिमीचा असेल तर ६.५ किलो, आणि ४.७५ चाच असेल तर ४०० ग्रॅम. साईटवरून मुरमाची दोन किलोची पिशवी येते आणि तिच्यात ४० मिमीचे तीन दगड असतात. त्यातला एक दगड इकडे आला की तिकडे गेला यावर संपूर्ण वक्र सरकतो. अशा पिशवीवर कितीही काळजीने काम केलं तरी तिचा आकडा भरवशाचा नसतो. सॅम्पल परत मागवा. साईटवाले कुरकुरतात, पण तक्ता दाखवला की ऐकतात.

चाळणी आणि शेकर

चाळणीवर फार माती घातली की खालच्या थरालाच छिद्र मिळतं, वरची माती नुसती उड्या मारते. २० सेंटीमीटर व्यासाच्या बारीक चाळणीवर शेवटी राहिलेली माती सुमारे २०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. जास्त राहत असेल तर सॅम्पल दोन हप्त्यांत चाळा आणि वजनं मिळवा.

गरम माती चाळू नका, गरम मातीचं वजनही घेऊ नका. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड होऊ द्या. बुजलेली छिद्रं उलट बाजूने मऊ ब्रशने मोकळी करा. त्यात अडकलेले कण खालच्या चाळणीत जात नाहीत, ते त्याच चाळणीवर राहिलेले धरायचे. चाळणी सुकवायला ओव्हनमध्ये कोंबू नका, जाळीचा डाख सैल पडतो.

प्रत्येक चाचणीनंतर सगळ्या चाळण्यांवरची आणि पॅनमधली वजनं मिळवून, चाळायला घेतलेल्या वजनाशी ताडून बघा. खडीच्या चाळणीसाठी अमेरिकेच्या एएसटीएम सी १३६ मानकात हा फरक ०.३ टक्क्यांच्या वर गेला तर निकाल स्वीकारायचा नाही असं आहे. मातीच्या कोरड्या टप्प्यालाही हीच शिस्त लावायला काही अडचण नाही. मात्र लक्षात असू द्या, ओल्या चाळणीत हा ताळा फक्त धुतल्यानंतरच्या टप्प्याचा असतो. धुण्यात जे गेलं त्याची साक्ष फक्त ती बादली देते.

आणखी एका कारणाने दोन रिपोर्ट जुळत नाहीत, आणि त्यात चूक कोणाचीच नसते. दुबई किंवा मस्कतला काम करणाऱ्या आपल्याकडच्या इंजिनिअरना हे जास्त भेटतं. ब्रिटिश पद्धतीत वाळू आणि गाळ यांची सीमा ६३ मायक्रॉनवर आहे, भारतीय आणि अमेरिकन पद्धतीत ७५ वर. एकच माती, चाचणी दोन्हीकडे अचूक, तरी आकडे वेगळे. शिवाय तिकडच्या किनारी मातीत जिप्सम असलं तर ११० अंशांवर त्यातलं बांधलेलं पाणीच उडून जातं. तिथे ६० ते ८० अंशांवर सुकवावं लागतं. ओव्हनचं तापमान न विचारता आकडे ताडू नका.

वाद मिटवायची वेळ आली तर

दोन्ही लॅबना आपापल्या सॅम्पलवर पुन्हा चाचणी करायला सांगू नका. एकाच जागी, दोघांच्या देखत, एक मोठं सॅम्पल रायफल बॉक्समधून दोन भागांत विभागा. ओलावा एकाच वेळी, एकाच ओव्हनमध्ये काढा. भिजवायचं द्रावण एकाच बाटलीतलं द्या. मग प्रत्येकाने आपापल्या चाळणीवर धुवावं आणि धुतलेलं पाणी बादलीत राखावं. यानंतरही आकडे दूर राहिले तर दोन्ही लॅबच्या ७५ मायक्रॉनच्या चाळण्या अदलाबदल करून उरलेल्या सॅम्पलवर एकेक फेरी करा. फरक चाळणीबरोबर गेला तर चाळणी बदला, माणसाबरोबर राहिला तर त्याच्या धुण्याजवळ उभं राहून बघा.

रिपोर्टात टक्क्यांच्या शेजारी चार गोष्टी लिहाव्यात: ओली चाळणी की कोरडी, सॅम्पल धुण्याआधी कसं सुकवलं, किती तास आणि कशात भिजवलं, आणि मूळ सॅम्पल किती किलोचं होतं. विभागून उरलेला अर्धा भाग नाव-तारखेसकट बंद पिशवीत ठेवा, आणि त्या थराचं काम मंजूर होईपर्यंत टाकून देऊ नका.